रस्ता विचारण्याची रीत

तोरीनो, १२ नोव्हेंबर १९६१

प्रिय एर्सिलियामावशी,

नमस्कार. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पोस्टमास्तरच्या तोंडून कळायला नको. मी आता नेपल्सला नाही. कायद्याचं कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या परीक्षा दिल्या होत्या, उरलेल्या निम्म्या ज्याला हव्यात त्यानं द्याव्यात. परवा दुपारी तोरीनोला उतरलो. कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे. उगाच विचारू नका.

ऑगस्टात सान रोक्कोच्या जत्रेत मी रोझाल्बाच्या भावाच्या थोबाडीत मारली, हे सगळ्या गावानं पाहिलं. सप्टेंबरात तिचा बाप बिऱ्हाड उचलून इकडे निघाला, तेव्हा बसजवळ उभा राहून मी तिला ओरडून म्हणालो, "जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" हेही गावानं ऐकलं. ती खिडकीतून नुसती बघत राहिली. तेव्हापासून माझाच आवाज माझ्या कानात बसलाय, मावशी. पुस्तक उघडलं की तोच, जेवायला बसलं की तोच. मला तिला एकदा, समोर उभं राहून, "माफ कर" म्हणायचंय. मग तिनं काय वाटेल ते करावं.

पत्ता नाही. तिच्या भावानं गुत्त्यात बढाई मारली होती तेवढंच हाताशी आहे: बराकींच्या मागे, कापड रंगवायच्या कारखान्याजवळ, चौक असलेली चाळवजा इमारत, फाटकावर मारियामातेची मूर्ती. अशा इमारती इथे शंभर असतील. आणि बराकी तरी किती!

काल दिवसभर विचारत फिरलो. एका कोटवाल्याला आपल्या गावच्या रीतीनं म्हटलं, "अहो, तुम्हाला रंगाचा कारखाना कुठं आहे माहीत आहे का?" तर तो मागे वळून बघतो आणि म्हणतो, "तुम्ही? मी एकटाच आहे की रे! तुला दुसरा कोण दिसतोय?" बरोबरची माणसं खो खो हसली. "मातकट्या" म्हणाला वर, आपल्याकडच्या माणसांना इथे असंच म्हणतात. मी त्याची कॉलर धरली. पुढचं लिहीत नाही. टोपी त्याची पडली, ओठ माझा फुटला.

एक काम करा. रोझाल्बाची आत्या, भट्टीवाली दोनाता, तिच्याकडे पत्ता असणार. विचारून ताबडतोब कळवा.

तुमचा
सावेरिओ

---

पिएत्राफोस्का, २० नोव्हेंबर १९६१

चि. सावेरिओ,

अनेक आशीर्वाद. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून मी तुला दोनदा मारलं. आज तू समोर असतास तर तिसऱ्यांदा मारलं असतं. कॉलेज सोडलंस! फेब्रुवारीत परीक्षा आहेत, अजून वेळ गेलेली नाही. आठ दिवसांत परत जा.

जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून पुढचं लिहिते.

तो कोटवाला उद्धट होता, पण त्याच्या हसण्यात माझाही वाटा आहे. उत्तरेत परक्याला आदरानं "तुम्ही" म्हणत नाहीत, ते फक्त अनेकांना म्हणायचं. "लेई" म्हणतात. तू नेपल्सला प्रोफेसरांसमोर म्हणत असशील, तेच. शब्दशः अर्थ "ती", पण समोर पुरुष असो, बाई असो, पाद्री असो, आदरानं बोलायचं तर "लेई"च. आपल्याकडच्या लोकांना त्यात नाटकीपणा वाटतो. आणि मी शाळेत शिकवायचे तेव्हा, फॅसिस्टांच्या राजवटीत, तर वरून हुकूमच होता, "लेई" बंद, सगळ्यांनी "तुम्ही" म्हणायचं. मुलांच्या वह्यांतले "लेई" मी लाल पेन्सिलीनं खोडलेत, सावेरिओ, शेकड्यांनी. ती राजवट गेली, हुकूम गेला, पण आपल्या गावात तो शब्द काही परत आला नाही.

तेव्हा आता म्हातारपणी धडा घेते, नीट ऐक. रस्ता विचारताना आधी थांबायचं. टोपी काढायची. "नमस्कार" म्हणायचं आणि समोरचा बघेपर्यंत पुढे बोलायचं नाही. मग "स्कूझी", म्हणजे माफ करा. मग "अमुक ठिकाण कुठं आहे, ते आपल्याला सांगता येईल का?" कुठं आहे असं सरळ नाही विचारायचं, सांगता येईल का, असं विचारायचं. म्हणजे न सांगण्याची मोकळीक त्याच्याकडे राहते, आणि ती असली की माणसं सहसा सांगतात. आणि "माहीत नाही" म्हणाला तरी आभार मानायचे. तुला हेच सगळ्यात जड जाईल.

दोनाताचं म्हणशील, तर तिला अक्षरओळख नाही. ती काय पत्ता सांगणार?

लोकरीचे मोजे वेगळे पाठवते.

तुझी मावशी
एर्सिलिया

---

तोरीनो, १ डिसेंबर १९६१

प्रिय मावशी,

मोजे मिळाले. इथे धुकं असं की स्वतःचे मोजेही दिसत नाहीत.

मी भाजीबाजारात पोती उतरवायच्या कामाला लागलोय. पोटमाळ्यावर चौघं राहतो. त्यातला एक, कोझिमो, आपल्यासारखाच दक्षिणेतला, पुलियाचा आहे. त्याला समोर उभा करून तुमचा धडा घोकला. मी टोपी काढून म्हणायचं, "स्कूझी, रंगाचा कारखाना कुठं आहे ते आपल्याला सांगता येईल का?" आणि त्यानं म्हणायचं, "सांगता येईल, पण आधी माझे बूट पुसा, बॅरिस्टरसाहेब." नालायक आहे, पण सोबत आहे.

मग रस्त्यावर. पहिली भेटली कुत्रं घेऊन निघालेली एक म्हातारी. पूर्ण वाक्य म्हटलं, एकही चूक नाही. ती इतकी चकित झाली की थांबून पाच मिनिटं सांगत राहिली. सगळं इथल्या बोलीत! एक अक्षर कळलं नाही. आभार मानले, कुत्र्याचेसुद्धा.

पण चालतंय, मावशी. धडा चालतोय. लोक थांबतात. तीन बराकी पालथ्या घातल्या, रंगाचे दोन कारखाने सापडले, मारियामातेची मूर्ती असलेली फाटकं सात. एकातही रोझाल्बा नाही.

एक गोष्ट सांगतो, हसू नका. मी सगळ्यांना "लेई", म्हणजे "आपण" म्हणतो आणि उलट मला सगळे "तू"च म्हणतात. बाजारातला मुकादम, ट्रामचा कंडक्टर, पाववाली, रविवारी चर्चमध्ये पाद्रीसुद्धा म्हणाला, "तू तिकडे मागे बस." इथे येऊन तीन आठवडे झाले, "तू" सोडून मला कुणी काही म्हटलेलं नाही. आधी हात शिवशिवायचे. आता सवय झाली.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. बाजारात ओरडाआरडा असतो, ते बोलणं नव्हे. कोझिमो रात्रपाळीला, बाकीचे दोघे झोपलेले. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून ते एकच वाक्य जातं. परवा मी एका बाईला स्टेशनचा रस्ता विचारला. मावशी, स्टेशन समोर दिसत होतं. तिनं बोट दाखवलं, हसली, म्हणाली, "अरे, ते काय!" तेवढ्यावर मी घरी आलो, आणि त्या दिवशी चांगली झोप लागली.

दोनाताला अक्षरओळख नाही, मान्य. पण तिला आलेली पत्रं कुणीतरी वाचून दाखवत असेल ना? त्याला विचारा.

सावेरिओ

---

पिएत्राफोस्का, ९ डिसेंबर १९६१

चि. सावेरिओ,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टेशनचं जे लिहिलंस, ते पुन्हा लिहू नकोस. मला दिवसभर काही सुचलं नाही.

एक राहिलं होतं. तू लहानपणापासून शब्दाचं शेपूट गिळतोस. आपलं सगळं गावच गिळतं. "स्कूझ..." म्हणून सोडून देतोस. गावात चालतं, तिथे चालायचं नाही. शेवटी "ई" असेल तर ते परक्यासाठी: स्कूझी, माफ करा. शेवटी "आ" असेल तर ते आपल्या माणसासाठी: स्कूझा, माफ कर. त्या एका स्वरात सगळं आहे. तोच गिळलास, तर समोरच्याला कळणार कसं, तू त्याला कोण समजतोस ते?

रस्त्यावर "ई" वापर, स्वच्छ, ओठ ताणून. "आ" तिच्यासाठी राखून ठेव.

फेब्रुवारीच्या परीक्षेचा अर्ज मी मागवून ठेवलाय. नुसती सही करायची आहे.

मावशी

---

तोरीनो, १८ डिसेंबर १९६१

मावशी,

सापडलं घर! आणि तरीही हात रिकामे. सगळं ओळीनं सांगतो.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर एका घोडागाडीवाल्याला विचारलं, तुमच्या धड्याप्रमाणे, "ई" ओठ ताणून. त्यानं गाडी थांबवली. "फाटकावर मूर्ती? नाक तुटलेली? ती तर डाव्या हाताला, गिरणीमागे." आठवं फाटक. आत चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्यांचे सज्जे, वाळत घातलेले कपडे. आणि दुसऱ्या मजल्यावर, मावशी, तिची ती निळी शाल! खांद्यावर रफू केलेली, मी लांबून ओळखली.

खाली दारवालीबाई चौक झाडत होती. इथलीच, जाडजूड, तोंडात दाढ नाही. मी टोपी काढली. "नमस्कार. स्कूझी, रोझाल्बा कुठं भेटेल ते आपल्याला सांगता येईल का?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. झाडू भिंतीला टेकवून ठेवला. हात एप्रनला पुसले. आणि म्हणाली, जसंच्या तसं लिहितो, "लेई रविवारी परत. तीनला."

ती रविवारी परत येते, तीन वाजता. म्हणजे बाहेरगावी गेलीय! कुठे जाणार? गावाकडे, नाताळाआधी आत्याला भेटायला. आणि दक्षिणेची गाडी बरोबर तीनला येते, मी स्वतः त्याच गाडीनं आलो. जिने चढून ती शाल तरी हातात घ्यावी असं वाटलं, पण घरात तिचा भाऊ असता तर पुन्हा मारामारी झाली असती. मी शहाण्यासारखा परत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा.

काल रविवार. दाढी केली, कोझिमोचा टाय बांधला, अडीचलाच फलाटावर. गाडी आली. दोरीनं बांधलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या, तेलाचे डबे, पोरं, म्हाताऱ्या, सगळा आपला मुलूख उतरला. ती नव्हती. वाटलं, पुढच्या गाडीनं असेल. मग त्याच्या पुढच्या. सात वाजेपर्यंत उभा होतो.

ती गावात आली होती का? तुम्ही पाहिलीत? लगेच कळवा.

सावेरिओ

---

तोरीनो, ३१ डिसेंबर १९६१

मावशी,

तुमचं पत्र नाही. नाताळात टपाल तुंबतं म्हणतात, म्हणून रागावत नाही.

२४ तारखेलाही स्टेशनवर गेलो होतो. आजही जाऊन आलो. दारवाली रविवार म्हणाली, कुठला रविवार ते नव्हती म्हणाली. फलाटावरचा शिपाई मला ओळखायला लागलाय. "काय रे, आज तरी येणार का तुझी?" म्हणतो.

त्या घरी पुन्हा जाणार नाही. त्या बाईनं मला बनवलं असणार. मातकट्याला चांगला पळवला म्हणून झाडू हातात धरून हसत असेल. मी पुन्हा गेलो तर माझा हात उठेल, आणि मी स्वतःला शब्द दिलाय.

कोझिमो गावी गेलाय. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

सावेरिओ

---

पिएत्राफोस्का, ५ जानेवारी १९६२

सावेरिओ बाळा,

हे पत्र चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. आता लिहिते ते शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

त्या बाईनं तुला बनवलं नाही. तू टोपी काढून तिला "लेई" म्हणालास, आणि तिनं तुला "लेई" म्हटलं. ती रोझाल्बाबद्दल बोलतच नव्हती. ती तुला आदरानं सांगत होती: आपण रविवारी परत या, तीनला. "ती" आणि "आपण", दोन्हीला एकच शब्द. रोझाल्बा कुठेही गेली नव्हती. हातमोजे शिवायच्या कारखान्यात ती आठवडाभर कामाला जाते. रविवारी तीनला बाप आणि भाऊ चेंडू खेळायला बाहेर पडतात, घरात तेवढे तीन तास ती एकटी असते. बाईनं चांगल्या मनानं तुला ती वेळ सांगितली होती.

हे मला कसं कळलं? दोनाताला आलेली पत्रं कुणीतरी वाचून दाखवत असेल, असं तू विचारलं होतंस. मीच वाचते, सावेरिओ. गावात दुसरं आहे कोण? सप्टेंबरपासून तिची सगळी पत्रं मीच वाचली आणि उत्तरंही मीच लिहिली. पाकिटावर पत्ता माझ्या हातचा. तू पहिलं पत्र पाठवलंस, तेव्हा तो माझ्या टेबलाच्या खणात होता. मी मनात म्हटलं, हिंडू दे, दमेल, थंडी वाजेल, परीक्षेला परत जाईल. मी तुला विचारायची रीत शिकवत बसले आणि उत्तर माझ्या खणात.

नाताळानंतर रोझाल्बाचं पत्र आलं. दोनाता समोर बसलेली, मी मोठ्यानं वाचत होते. तिनं लिहिलंय: दारवालीबाई म्हणाली, तुमच्याकडचा एक तरुण येऊन गेला, फार अदबीचा. मी म्हटलं, अदबीचा? मग तो सावेरिओ नसेल! बाई म्हणाली, उंच आहे, ओठावर वण आहे. मग मला हसू आलं आणि रडूही. रविवारी मी दोन कप मांडले, कॉफीचं भांडं तीनदा गरम केलं. सहाला कप धुऊन ठेवले. तो वीजदुरुस्तीवाला ओत्ताविओ महिनाभर उत्तर मागत होता. बाबा परत आल्यावर मी त्यांना हो सांगितलं.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. दोनाता म्हणाली, "बाई, चष्मा पुसा." मी चष्मा पुसला.

ईस्टरनंतर लग्न आहे.

नेपल्सच्या कॉलेजात दोन वर्षं "लेई" ऐकलेल्या मुलाला हे उमगलं कसं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मग तुझं एक डिसेंबरचं पत्र काढलं. तीन आठवडे सगळ्यांनी "तू" म्हटलं, असं लिहिलं होतंस. पुढचं मी लिहीत नाही. तुझं तुला कळेल.

पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. हा मी नोव्हेंबरातच द्यायला हवा होता.

एर्सिलिया

---

तोरीनो, १५ जानेवारी १९६२

प्रिय मावशी,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी भिंतीवर मूठ आपटली. ती सुजलीय, म्हणून अक्षर असं. शिव्या नाही देत. त्या सगळ्या मलाच देऊन संपल्या.

तुम्ही न लिहिलेलं मला कळलं. त्या बाईनं हात पुसले, झाडू बाजूला ठेवला, तेव्हाच समजायला हवं होतं. पण या शहरात कुणी मला "आपण" म्हणेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या कानाला वाटलं, एवढ्या आदराचा शब्द, तो माझ्यासाठी कसा असेल? तो तिच्याबद्दलच असणार.

काल रविवार. तीनला गेलो. चिठ्ठी खिशात होती, लागली नाही. वाटेत "आ" घोकत होतो. स्कूझा. स्कूझा, रोझाल्बा. तोंड चांगलं उघडून, शेपूट न गिळता. एक म्हातारा माझ्याकडे बघून रस्त्याच्या पलीकडे गेला.

चौकात शिरलो आणि जिन्यावरून ती उतरत होती. एकटी नव्हती. ओत्ताविओ होता, त्याची आई होती. रोझाल्बानं राखाडी कोट घातला होता, हातमोजे घातले होते, स्वतः शिवलेले असतील. मला बघून ती जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबली. एक हात कठड्यावर.

मावशी, मी त्याला मारायची तयारी करूनच होतो, खोटं कशाला सांगू. पण तो पुढे आला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "आपण कुणाला शोधताय?" आपण! या खेपेला मला नीट ऐकू आलं. सुजलेली मूठ मी खिशात घातली.

तेवढ्यात मागून रोझाल्बा म्हणाली, "आपण रस्ता चुकलात का?"

शेंगदाणे मोजून वाटून घ्यायचो आम्ही, त्या वयापासून मला "तू" म्हणणारी. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओळख दाखवू नकोस, असं ती मला विनवत होती, ते मला कळलं. मी तोंड उघडलं. "आ" आलाच नाही.

"स्कूझी," मी म्हणालो. "स्टेशनकडे कुठून जायचं ते आपल्याला सांगता येईल का?"

तिनं सांगितलं. घाई न करता, एकेक वळण. फाटकातून डावीकडे. रंगाच्या कारखान्यापर्यंत सरळ. पहिलं वळण नाही, दुसरं. तिथं पाण्याचा नळ आहे, हिवाळ्यात गोठलेला असतो, पाय जपून. मग झाडांचा रस्ता, मग कमानी, मग समोर दिसेलच. सांगताना तिचा हात हवेत जात होता, गावात झऱ्याची वाट दाखवताना जायचा तसाच. मी सगळं ऐकून घेतलं. मग आभार मानले. तुम्ही म्हणाला होतात, हेच सगळ्यात जड जाईल.

ओत्ताविओची आई त्याला म्हणाली, हळू नाही, मला ऐकू येईल असं, "तिकडचा आहे, पण बोलायची रीत काय छान आहे याला!"

ते तिघं फाटकाकडे निघाले. मूर्तीखाली रोझाल्बा जरा मागे रेंगाळली. वळली आणि म्हणाली, "स्कूझ..."

शेपूट गिळलं, मावशी. आपल्या गावासारखं. ओठ ताणले होते का उघडले होते, ते मफलरनं दिसलं नाही. "ई" होता की "आ", मला कळलं नाही. तुम्ही चाळीस वर्षं पोरांचे उच्चार तपासलेत, तुम्ही तिथं असतात तर तुम्हाला कळलं असतं. लिहून कळवू नका. तुम्ही चांगलंच काहीतरी लिहाल, आणि मी विश्वास ठेवीन.

अर्ज पाठवा. सही करायची की नाही ते बघतो.

मग मी स्टेशनकडे गेलो. तीन रविवार तुडवलेला रस्ता, पण तिनं सांगितला तसाच गेलो. पहिलं वळण सोडलं. नळापाशी बर्फ होतं, पाय जपला. झाडं, कमानी, मग समोर स्टेशन. सगळं बरोबर होतं. एकाही वळणावर कुणाला काही विचारावं लागलं नाही.

तुमचा
सावेरिओ